ग्रुप उघडा आहे, सर

सर, तुमच्या कबरीच्या फोटोवर अक्षांश आणि रेखांश छापून आलेत. खाली गावाचं नाव, तालुका श्रीगोंदा, तारीख, वेळ आणि कोपऱ्यात छोटासा नकाशा. फोटो धिंदळे सरांनी काढला. मुद्दाम नाही हो, सवयीने हात गेला. पोषण आहाराची ताटं असोत, परसबाग असो नाहीतर पालकसभा, आम्ही सगळं त्या एकाच कॅमेऱ्यातून टिपतो, कारण जागेचा ठसा नसेल तर ते झालं असं वर कोणी मानतच नाही. पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, सगळ्यांची माती लोटून झाली, आणि धिंदळे सरांनी डोळे पुसत खिशातून मोबाईल काढला. फोटो निघाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, हे काय झालं माझ्याकडून?" तो पन्नाशीला आलेला माणूस मोबाईल हातात धरून कबरीच्या कडेला हुंदके देत होता.

तुम्ही असतात तर पोट धरून हसला असतात. "चला, साळवे गेल्याचा पुरावा तरी झाला, आता खुलासा नको," असं काहीतरी बोलून धिंदळे सरांच्या पाठीवर थाप मारली असतीत. मग त्यांनाही हसू आलं असतं. आमच्यातल्या कोणालाच ते जमलं नाही. आम्ही आपले एकमेकांची नजर चुकवत चपला शोधत राहिलो.

मी तुमच्यावर चिडलेली आहे, हे आधीच सांगून टाकते. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं म्हणतात. ते मी शोकसभेत बोलले. इथे आपण दोघंच आहोत आणि आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

केंद्रप्रमुख म्हणजे नक्की काय करतात, असं कोणी पाहुण्याने विचारलं की तुम्ही म्हणायचात, "मी पोस्टमन आहे. फक्त टपाल आधी वाचतो आणि मग देतो." डोंगरातल्या आमच्या मूठभर शाळा एकीकडे आणि तालुक्याचं ऑफिस दुसरीकडे, मध्ये तुम्ही आणि तुमची मोटारसायकल. राजूरच्या वर आमच्या दोनशिक्षकी शाळेपर्यंत डांबर पोचत नाही. तरी तुम्ही यायचात, पावसाळ्यात गाडी ओढ्याच्या अलीकडे लावून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून यायचात, आणि वर्गात शिरायच्या आधी पायरीवर बसून पाय पुसायचात. पोरं तुम्हाला साहेब समजायचीच नाहीत. एकीने एकदा तुम्हाला विचारलं होतं, "तुमी आमच्या बाईंचं भाऊ हाय का?" तुम्ही म्हणालात, "व्हय, पण बाई मला लई रागावतात."

टपाल वाचून देणं म्हणजे काय, हे आम्हाला मात्र नीट माहीत होतं. वरून यायचं: 'सर्व मुख्याध्यापक, खालील माहिती आज दुपारपर्यंत लिंकवर भरावी. न भरल्यास कारवाई प्रस्तावित करण्यात येईल. ही बाब गांभीर्याने घ्यावी.' आमच्यापर्यंत यायचं ते असं: 'मंडळी, परसबागेची माहिती मागितली आहे. रेंज मिळेल तेव्हा भरा. ज्यांच्याकडे रेंज नाही त्यांनी मला फोनवर सांगा, मी भरतो. मुठे मॅडम, बाळाचा ताप उतरला का?' माहिती तीच, मुदतही तीच. पण तुमचा निरोप वाचून हातातला खडू टाकून पळावं लागायचं नाही. आपण काम करणारी माणसं आहोत असं वाटायचं, नाहीतर एरवी आरोपी असल्यासारखंच वाटतं.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हिराबाईंना मी तुम्ही गेल्याचं सांगितलं. त्यांना तुमचं नाव आठवेना. मग एकदम म्हणाल्या, "त्ये पातेल्यात मोबाईल ठिवायला लावायचं त्ये सर? आरं देवा. त्ये कसं काय गेलं वो? लई चांगलं हुतं." आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे तोंड करून बसल्या. केंद्रप्रमुख, पदवीधर, आदर्श वगैरे सगळं राहिलं बाजूला. तुम्ही पातेल्यातल्या मोबाईलवरून ओळखले गेलात. मला वाटतं तुम्हाला ते आवडलं असतं.

दर महिन्याच्या शिक्षण परिषदेला केंद्रातले आम्ही सगळे कुठल्यातरी एका शाळेत जमायचो. परिषदेचे विषय ठरलेले, वरून छापून आलेले. पण ते सुरू होण्याआधी तुम्ही त्या शाळेचं खिचडीचं मोठं पातेलं मागवायचात, घासलेलं, कोरडं. प्रत्येकाने आपला मोबाईल त्यात ठेवायचा. मग तुम्ही वर झाकण घालून ते पातेलं बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवायचात आणि दार लोटून घ्यायचात. पुढचा तासभर ज्याला जे जड जातंय ते त्याने बोलायचं. लिहून घ्यायचं नाही, उपाय सुचवायचा नाही, आणि इथलं बाहेर न्यायचं नाही. कोणी बोलून संपला की तुम्ही फक्त म्हणायचात, "बरं. ऐकलं आम्ही." बाहेर ते पातेलं मधूनच भुणभुण करायचं आणि आम्ही हसायचो.

त्या तासात मी पहिल्यांदा ऐकलं की धिंदळे सर मतदारयादीच्या कामाला दारोदार फिरताना रडतात. पाड्यावर लोक त्यांना विचारतात, मास्तर, आज शाळा बंद का, आणि त्यांना उत्तर देता येत नाही. मुठे मॅडम तेव्हा नुकत्याच लागल्या होत्या, शिक्षणसेविका म्हणून. त्यांनी सांगितलं होतं की पावसात एकटीने रानातून जाताना त्या मोठ्याने पाढे म्हणत जातात, भीती वाटू नये म्हणून. आणि मी. एवढी वर्षं नोकरी झालेली, तोंडाने फटकळ, कोणाला न घाबरणारी म्हणून नावाजलेली मी बोलून गेले, "मी मुलांकडे पाठ करून मोबाईलवर माहिती भरत बसते. मुलं माझ्या पाठीकडे बघत बसतात. घरी गेल्यावर मला माझी पाठ दुखते ती त्यामुळेच असं वाटतं." कोणी हसलं नाही. तुम्ही म्हणालात, "ऐकलं आम्ही, मॅडम." त्या दिवशी परत येताना घाटात मला गाणं गुणगुणावंसं वाटलं होतं. मला सूर नाही, म्हणून नाही गुणगुणले.

त्या तासासाठी आम्ही तुमचे ऋणी आहोत, हे तुम्हाला तोंडावर कधी सांगितलं नाही. तुम्हीही तशी संधी दिली नाहीत. लगेच म्हणायचात, "चला, खिचडी गार होतेय."

मग तो तास गेला. गेला तोही कसा, तर अशा कारणाने की दुसऱ्या कुठल्या नोकरीत सांगितलं तर लोकांना खोटं वाटेल. आमचे मोबाईल पातेल्यात असताना वरून एक तातडीचा मेसेज आला. 'पोच द्यावी' असा. अख्ख्या केंद्रातून एकही पोच गेली नाही. तालुक्याच्या साहेबांनी फोन लावले, एकाचाही उचलला नाही. वर असा समज झाला की केंद्राने एकजुटीने काहीतरी बहिष्कार वगैरे टाकलाय. आणि आम्ही इकडे बंद दाराआड मुठे मॅडमच्या बाळाच्या पाळणाघराचं ऐकत होतो.

तुमच्याकडून खुलासा मागवला गेला. पुढच्या महिन्यापासून शिक्षण परिषद मोबाईलवरच घ्यायची ठरली, प्रत्येकाने आपापल्या शाळेत बसून, कॅमेरा चालू ठेवून. आमच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपचंही सेटिंग बदललं. फक्त ॲडमिन लिहिणार. आम्ही वाचायचं आणि वाटलं तर अंगठा दाखवायचा. तुम्ही ॲडमिन होतात, पण तुमच्या वर आणखी ॲडमिन बसवले गेले, त्यामुळे टपाल आता तुमच्या हातून न जाता थेट यायला लागलं. परसबागेची माहिती परत कारवाईसकट यायला लागली.

तेव्हा आपण भांडलो. राजूरला बाजाराच्या दिवशी, चहाच्या टपरीवर. भाजीच्या पिशव्या पायाशी आणि लोक आपल्याकडे बघतायत. मी म्हटलं, "सर, आपण सगळे मिळून जाऊ. अख्खं केंद्र. साहेबांना सांगू की आम्हाला तो तास परत द्या. सगळ्यांना काय फासावर लटकवणार आहेत?"

"सगळे येतील असं वाटतं तुम्हाला?"

"विचारून तर बघा."

तुम्ही चहाचा ग्लास फळीवर ठेवलात. मग म्हणालात, "विचारलं आणि नाही म्हणाले तर? आत्ता प्रत्येकाला वाटतंय की बाकीचे आपल्याबरोबर आहेत. एकदा विचारलं की खरं काय ते कळेल, मॅडम. मग ही माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू शकणार नाहीत."

"म्हणजे विचारायचंच नाही?"

"मी एकेकाशी बोलतो ना."

आणि तुम्ही खरंच एकेकाशी बोलायला लागलात. रोज संध्याकाळी, तालुक्याच्या गावी अकोले इथे घरी पोचल्यावर, चहा झाला की तुमचे फोन सुरू. आज धिंदळे, उद्या मुठे, परवा मी. प्रत्येकाचं सगळं ऐकून घ्यायचं, कोणाचं कोणाला सांगायचं नाही. मला त्याचाही राग आला. पुढच्याच फोनवर मी तुम्हाला म्हटलं, "तुम्ही आम्हाला सुटं सुटं करून टाकलंत, सर. आधी आम्ही एकमेकांचं ऐकत होतो. आता सगळे तुम्हाला सांगतात आणि आम्हाला एकमेकांचं काहीच कळत नाही. हे साहेबांना पाहिजे होतं तसंच झालं की."

तुम्ही चिडला नाहीत. तुम्हाला चिडवणं हे एकूणच अवघड काम होतं. तुमच्या श्रीगोंद्याच्या बोलीवर आलात, जसे तुम्ही माझी समजूत काढायची असली की यायचात. "लई चिडू नका मॅडम. आमच्याकडं कॅनॉलचं पानी आलं न्हाई म्हणून मानसं प्यायची थांबत न्हाईत. घागरीनं आणत्यात."

"आणि आणणारा दमतो त्याचं काय?"

तुम्ही हसलात आणि विचारलंत, "तुमच्या पाठीचं कसं आहे?"

त्यानंतर आपण त्या विषयावर किती वेळा भांडलो, आता आठवत नाही. दर वेळी मी तेच म्हणायचे की विचारा, आणि तुम्ही तेच म्हणायचात की नको. मी तुम्हाला भित्रे म्हटलं. तुम्ही म्हणालात, "आहे." असं मान्य करणाऱ्या माणसाशी पुढे काय भांडणार? पण मी भांडण सोडलं नव्हतं. मला पक्की खात्री होती की एक दिवस तुम्ही विचाराल, सगळे हो म्हणतील, आणि मग मी तुम्हाला जन्मभर टोचून टोचून सांगेन.

तुम्ही गेल्याची बातमी आम्हाला ग्रुपवर कळली. सकाळी, परिपाठ चालू असताना. वर शाळेच्या युडायस माहितीतल्या दुरुस्तीची लिंक होती, खाली गणवेशाच्या मापांची, आणि मध्ये तुम्ही. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की.' पत्राच्या डोक्यावर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, तसंच त्या निरोपावरही होतं. मी दोनदा वाचलं. लिहायला बोट टेकवलं, तर खाली तेच: फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. तुम्ही गेलात हे वाचून एक शब्दही लिहिता येत नव्हता. मग त्या निरोपाखाली हात जोडलेल्या खुणा यायला लागल्या. आणि त्यांच्यामध्ये अंगठेही आले, सर. सवयीने. निरोप आला, वाचला, अंगठा दिला. कोणी दिले ते मी पाहिलं नाही. मला बघायचं नव्हतं.

तुमच्या गावी यायचं तर शाळा बंद ठेवायला परवानगी नव्हती. प्रत्येक शाळेतून एकाने जावं, असं ठरवून दिलं. एका गाडीत मावू तेवढे आम्ही निघालो. आख्खा जिल्हा ओलांडायचा, राजूरपासून श्रीगोंद्यापर्यंत. डोंगर संपला, संगमनेर गेलं, नगर गेलं, उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या. आणि गाडीत कोणी बोलेना. मला वाटलं होतं आता तरी बोलतील. दार बंद होतं, साहेब नव्हते. पण एकाने मोबाईल काढला, मग दुसऱ्याने. मुठे मॅडमने वाटेतच गणवेशाची मापं भरली, मांडीवर कागद ठेवून, गाडीच्या हादऱ्यांनी आकडे चुकत होते ते परत परत भरत. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण माझाही मोबाईल हातातच होता, म्हणून नाही ओरडले.

तुमच्या घरी मार्थावहिनी आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांना माहीत होतं आम्ही कोण आहोत. एकेकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुम्ही धिंदळे ना? तुम्ही मुठे? आणि तुम्ही रागावणाऱ्या मॅडम." तुम्ही त्यांना आमचं काय काय सांगितलं असेल म्हणून मी जरा दचकले. त्या म्हणाल्या, "नावंच माहीत आहेत फक्त. बाकी कधी काही सांगितलं नाही. फोन ठेवला की गप्प बसायचे. मी म्हणायचे, अहो, निदान बोला तरी. तर म्हणायचे, विश्वासाने सांगतात, घरात कसं आणू?" मग त्यांनी आणखी एक सांगितलं. तुमच्या चर्चमध्ये प्रार्थनासभेत पाळकसाहेब प्रत्येकाला विचारतात, तुमच्यासाठी काय मागायचं. तुम्ही दर वेळी कोणा ना कोणासाठी मागायचात. एका शिक्षिकेच्या बाळासाठी, एका भावाच्या मनाच्या शांतीसाठी, नाव न सांगता. "आणि तुमच्यासाठी, असं विचारलं की म्हणायचे, माझं बरं आहे."

धिंदळे सर खाली मान घालून बसले होते. मुठे मॅडमही. बाळ कोणाचं आणि भाऊ कोण ते आम्हा तिघांनाही कळलं होतं.

आम्ही परत आलो त्यानंतर साहेबांचा फोन आला. "फापाळे मॅडम, केंद्राचा तात्पुरता चार्ज तुमच्याकडे राहील." नाही म्हणायची सोय नसतेच. तालुक्याच्या ऑफिसमधल्या माणसाने माझं नाव ग्रुपवर ॲडमिन केलं. मी चांगल्या रेंजसाठी देवळामागच्या खडकावर उभी होते. ग्रुप उघडला तर माझ्या मोबाईलवर लिहायची जागा आली होती. इतक्या दिवसांनी ती रिकामी पट्टी बघून मला कसंतरी झालं. सेटिंगही आता माझ्या हातात होतं. मग मी ते केलं, जे तुम्ही कधी करू दिलं नाहीत. ग्रुप सगळ्यांसाठी उघडा केला आणि लिहिलं, 'मी फापाळे. ग्रुप उघडा केला आहे. साळवे सरांबद्दल ज्याला जे वाटतं ते इथे लिहा. आपण परिषदेत बोलायचो तसं. कोणी उपाय सुचवणार नाही.'

खरं सांगू? मला वाटलं होतं धो धो येईल. मी शाळा सुटल्यावरही खडकावर थांबले. निरोप सगळ्यांनी वाचल्याचं दिसत होतं. कोणी लिहीत असल्याची खूण मधूनच यायची आणि जायची. धिंदळे लिहितायत. थांबले. मुठे लिहितायत. थांबल्या. पुन्हा धिंदळे. मी त्या खुणेकडे बघत बसले, ऊन उतरलं, गुरं परतली, आणि ग्रुपवर माझ्या चार ओळी एकट्याच.

दुसऱ्या दिवशी एक निरोप आला. धिंदळे सरांचाच. 'मॅडम, ग्रुपचे सेटिंग चुकून बदलले आहे असे दिसते. कृपया बंद करून घ्यावे. कोणाकडून काहीतरी लिहिले जाईल.'

चुकून. त्यांना खरंच तसं वाटलं, सर. माझा निरोप त्यांनी वाचला होता, आणि तरीही त्यांना वाटलं की हे असं मुद्दाम कोणी करणार नाही.

त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. आधी मुठे मॅडम. "ताई, ग्रुपवर नको, पण तुम्हाला म्हणून सांगते." मग ती रडायलाच लागली. बाळ दवाखान्यात होतं तेव्हा तुम्ही तिच्या शाळेवर जाऊन दिवसभर तिचा वर्ग घेतलात आणि कुठे नोंद केली नाहीत, हे तिने सांगितलं. मग म्हणाली, "बाकीच्यांना बघा ना, काहीच वाटलं नाही. एकाने शब्द लिहिला नाही. माणसं किती कोरडी असतात." पाठोपाठ धिंदळे सर. "मॅडम, तुमच्यापाशीच राहू द्या." मतदारयादीच्या कामात एका उन्हाळ्यात ते सगळं सोडून द्यायला निघाले होते, सगळंच, आणि तुम्ही त्यांच्याशी संध्याकाळभर फोनवर बोलत राहिलात, बायको घरी येईपर्यंत. हे सांगून तेही म्हणाले, "मला वाटलं कोणीतरी लिहील आधी, मग मी लिहीन. पण कोणालाच काही नाही, मॅडम. सर गेले आणि संपलं." मग आणखी एकाचा. मग आणखी एकीचा. सगळे रडले आणि सगळ्यांनी शेवटी तेच सांगितलं, की बाकीचे विसरले.

मी मुठे मॅडमला म्हटलं, "अगं, तसं नाहीये. इतरांनाही वाटतंय."

"कोणाला?"

मला नाव घेता येईना. धिंदळे सरांनी सांगितलेलं मी तिला कसं सांगू? आणि तिचं त्यांना? दोघं शेजारशेजारच्या शाळेत आहेत, मध्ये एक टेकडी, आणि दोघं आपापल्या घरी बसून समजतायत की तुमच्यासाठी आपण एकटेच रडलो. मी म्हटलं, "आहेत काहीजण." ती म्हणाली, "ताई, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

आता मला तुमचा शेवटचा फोन कळतो. जाण्याच्या आदल्या आठवड्यातला. तुम्ही म्हणालात, "मॅडम, वेळ आहे का?" मी म्हटलं, "आहे की, बोला." पलीकडे नुसता तुमचा श्वास ऐकू येत होता. मी वाट बघितली. "बोला ना सर," असंही म्हटलं. मग तुम्ही म्हणालात, "काही नाही, असंच. वर पाऊस आहे का?" आणि आपण पावसावर बोललो. काय बोलायचं होतं तुम्हाला? इतक्या जणांचं ऐकून ऐकून तुमचं स्वतःचं सांगायची सवयच मोडली होती का? की ते सांगायला गेलं तर आमच्यातल्या कोणाचं तरी नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून तुम्ही गिळलंत? डॉक्टर म्हणतात हृदय. डॉक्टरांना दुसरं काय म्हणता येणार? मी मात्र रोज संध्याकाळी मोबाईल कानाला लावून बसते आणि मला वाटतं, हे असं वर्षानुवर्षं करून माणूस कसा जगेल?

मला तुमच्याशी भांडायचंय सर, आणि भांडायला काही उरलेलं नाही. टपरीवर तुम्ही जे म्हणालात तसंच घडलं. मी विचारलं. सगळ्यांना, एकदम, उघडपणे. आणि कोणी आलं नाही. आता त्या प्रत्येकाला खात्री पटलीय की बाकीचे आपल्याबरोबर नाहीत. आधी निदान शंका होती. ती खात्री मी केली, एका निरोपाने. तुम्ही बरोबर होतात, आणि तुम्ही बरोबर होतात याच्याइतकं वाईट मला दुसरं काही वाटलेलं नाही, तुम्ही गेल्याचंही नाही. तुम्ही चुकावं म्हणून तर मी इतकी वर्षं भांडत होते.

सकाळी खडकावर गेले की मी ग्रुप बंद करणार आहे. माणसं घाबरलीत त्याला. उघडा ठेवला तर धिंदळे सरांना झोप लागायची नाही.